मोकळ्या हाताचं माप

रावजी थेटे यांनी एकतीस वर्षं सरकारसाठी वस्तू विकत घेतल्या, आणि त्यांतली एकही स्वतः वापरून पाहिली नाही. हा त्यांच्या सचोटीचा भाग होता. खुर्ची घ्यायची ती नियमाने घ्यायची; तिच्यावर बसल्यावर कण्याचं काय होतं हा बसणाऱ्याचा प्रश्न. तीन दरपत्रकं, एक तुलनातक्ता, तक्त्याखाली सही, सहीखाली तारीख. नाशकातल्या एका सरकारी कचेरीत ते भांडारपाल होते. दोन हजार पाच साली निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात साहेब म्हणाले, "थेटे भाऊसाहेबांनी घेतलेल्या टाचण्या आम्ही अजून वापरतोय." हे कौतुक होतं, की त्या टाचण्या कागदात शिरतच नसल्यामुळे संपत नव्हत्या, याचा शोध रावजींनी कधी घेतला नाही.

घरी मात्र खरेदी साधनाबाईच करायच्या, त्यामुळे घरातल्या टाचण्या टोचायच्या.

साधनाबाईंनी बेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकून गंगापूर रोडवरच्या आपल्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये, गॅलरी बंद करून, 'साधना डीटीपी' सुरू केलं होतं. मुख्य काम लग्नपत्रिकांचं. आसपासच्या निम्म्या सोसायट्यांची लग्नं त्यांच्या हाताखालून गेली होती. रावजी निवृत्त झाल्यावर चार दिवस घरात नुसते फिरले, डबे उघडून आतला साठा तपासला, कडधान्यांना चिठ्ठ्या लावल्या. पाचव्या दिवशी साधनाबाईंनी त्यांच्या हातात एका पत्रिकेचं प्रूफ आणि लाल पेन दिलं, आणि घरात शांतता झाली. तेव्हापासून सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सात, त्या माऊस हलवायच्या आणि हे त्यांच्या चुका काढायचे. तेहेतीस वर्षांच्या संसारात बायकोच्या चुका काढायचं काम रावजींना पहिल्यांदाच अधिकृतपणे मिळालं होतं, आणि तेही तिच्या विनंतीवरून. माणसाला निवृत्तीनंतर आणखी काय हवं?

म्हणून दोन हजार सातच्या डिसेंबरात साधनाबाईंचं उजवं मनगट सुजलं, तेव्हा प्रूफ खाली ठेवून रावजी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी मनगट इकडून तिकडून वळवून पाहिलं. "दिवसभर काय करता?"

"माऊस हलवते."

"किती वर्षं?"

"अकरा."

"तोच माऊस?"

"तसा दुसरा आहे. पण तसाच."

तो माऊस पोटात गोळी असलेला होता. दर शनिवारी रावजी तो उलटा करून गोळी काढायचे, आतल्या चाकांवरचा मळ आगकाडीने खरवडायचे आणि तो मळ साधनाबाईंना दाखवायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका मलमाचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, अर्गोनॉमिक वायरलेस माऊस. म्हणाले, "हाताला सोसेल असा येतो आता. पंधरा दिवस उजव्या हाताला आराम देता आला तर उत्तम. नाहीतर निदान माऊस तरी बदला."

पंधरा दिवस आराम देणं शक्य नव्हतं. समाजमंडळाचा वधू-वर मेळावा तीस डिसेंबरला होता, आणि त्याच्या सूचीचं काम मंडळाच्या केरूनानांनी साधनाबाईंकडे दिलं होतं. शहाण्णव पानं, चारशे मुलं-मुली, प्रत्येकाचा फोटो, उंची, शिक्षण, अपेक्षा. चोवीस तारखेला दुपारी बारापर्यंत फाईल छापखान्यात पोचायला हवी होती. आज दहा तारीख, आणि चाळीस पानंच झाली होती.

घरी आल्यावर साधनाबाई मशीनसमोर बसल्या, पण त्यांनी ते चालू केलं नाही.

"अहो, एक सांगते. हा हात नाही ऐकला, तर सूची केरूनानांना परत देईन. आणि मग मशीनही विकून टाकायचं. अर्ध्या हातानं काम करून लोकांच्या पत्रिकांची वाट लावायची नाही मला."

"विकायचं म्हणजे?"

"म्हणजे विकायचं. तुम्ही जा हास्यक्लबात."

रावजींनी हास्यक्लब एकदा लांबून पाहिला होता. वीस-पंचवीस सद्गृहस्थ हात वर करून कारणाशिवाय हसत होते. त्यांना ते कचेरीतल्या वार्षिक तपासणीसारखं वाटलं होतं.

"माऊसचं माझ्यावर सोपव," ते छाती भरून म्हणाले. "एकतीस वर्षं खरेदी केलीय मी."

साधनाबाई मनगटावर मलम चोळू लागल्या. त्यांना टाचण्या आठवत होत्या.

*

रावजींनी यावेळी काहीच नशिबावर सोडायचं नाही असं ठरवलं. वस्तू हाताला सोसेल अशी हवी, म्हणजे हाताचं माप हवं. माप कसं घ्यायचं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. मखमलाबादहून त्यांचे वडील भाजी विकायला नाशकात यायचे तेव्हा घरादाराच्या पायांची मापं ज्वारीच्या ताटाच्या कांड्यांवर तोडून आणायचे, आणि संध्याकाळी चपलांचे सात जोड घेऊन परत जायचे. पाय कधी बाजारात जात नसे, कांडी जायची. चपला बसायच्या. न बसल्या तर पायाला समज दिली जायची.

दुसऱ्या दिवशी साधनाबाई मनगटाला पट्टी बांधून एक्केचाळिसाव्या पानाशी झटत होत्या. रावजी आलेख-कागद आणि पेन्सिल घेऊन आले.

"हात दे."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"अहो, इथं मुलीचा फोटो सरळ बसत नाहीये आणि तुमचं काय मध्येच?"

"एक मिनिटाचं काम आहे."

"घ्या बाई!" असं म्हणून साधनाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता हात बाजूला पसरला. रावजींनी तो कागदावर ठेवला आणि बोटाबोटाभोवती पेन्सिल फिरवली. करंगळीच्या बेचक्यात साधनाबाईंना गुदगुल्या झाल्या, त्या हसल्या, आणि पडद्यावरच्या मुलीचा फोटो तिच्या गोत्रावर जाऊन बसला.

"हलू नकोस! नमुना बिघडतोय."

रावजींनी आकृतीखाली 'प्रत्यक्ष घेतलेले माप' असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि स्वेटर चढवून बाहेर पडले.

तीन दरपत्रकांच्या नियमाने ते तीन दुकानांत गेले. पहिल्या दुकानदाराने "अर्गोनॉमिक" हा शब्द ऐकून त्यांना निळ्या रंगाचा माऊस दाखवला. दुसऱ्याने वायरलेस दाखवला, पण तो बसक्या बेडकासारखा होता. रावजींनी तो कागदावरच्या हातात ठेवून पाहिला, तर चार बोटं बाहेर आणि अंगठा वाऱ्यावर. ते नोंद करून निघाले. तिसरं दुकान कॅनडा कॉर्नरला कुंदनचं. कुंदन तिशीतला, हसतमुख, आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की स्वतःच कॉम्प्युटरवर पत्ते खेळणारा.

"काका, कुणासाठी हवाय?"

"मिसेससाठी. नमुना आणलाय." रावजींनी कागद काचेवर उलगडला.

कुंदनने कागदाकडे पाहिलं. मग रावजींकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे. त्याचा चेहरा हळूहळू असा उजळला, जसा हरवलेलं जनावर सापडलेल्या माणसाचा उजळतो.

"काका," तो म्हणाला, "हा हात मी तीन वर्षं शोधतोय."

तो स्टुलावर चढला, वरच्या फळीवरून एक खोकं काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि ती रावजींच्या स्वेटरवर बसली. आतून जे निघालं ते रावजींनी कधी पाहिलं नव्हतं. एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला उतरता, अंगठ्यासाठी खोल खोबण, बोटांसाठी पन्हळी. अर्धवट चोखलेल्या हापूससारखा आकार. वायर नाही. सोबत नखाएवढा एक तुकडा, तो मशीनला मागे लावायचा.

"देवळाली कॅम्पच्या एका मेजरसाहेबांनी मुद्दाम मागवला होता. परदेशातून. माल आला आणि साहेबांची बदली झाली आसामला. तेव्हापासून कुणाला बसतच नाही. जो येतो तो हात घालतो आणि म्हणतो, कसंतरीच वाटतं."

"घालू नये हात," रावजी म्हणाले. "नमुन्यावर ठेवावा."

त्यांनी माऊस कागदावरच्या हातात ठेवला. अंगठा खोबणीत. बोटं पन्हळीत. तळवा असा टेकला जसा पाटावर नवरदेव. रावजींनी तो उचलून पुन्हा ठेवून पाहिला. एकतीस वर्षांत नमुन्याबरहुकूम माल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

"तुम्ही पण धरून बघा ना काका."

"माझ्या हाताचा इथे संबंध नाही," रावजी कोरडेपणाने म्हणाले. "वापरणारी ती आहे."

कुंदनने किंमत निम्मी केली, दोन सेल फुकट दिले आणि दारापर्यंत सोडायला आला.

*

साधनाबाईंनी खोकं उघडलं, माऊस हातात घेतला, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या उमटल्या. अंगठ्याच्या जागी करंगळी जात होती. करंगळीच्या जागी काहीच नव्हतं. माऊस उजव्या हातातून घसरून परत परत टेबलावर कलंडत होता, जणू त्यालाही संकोच वाटत होता.

"अहो, हा कसा धरायचा?"

"नमुन्याप्रमाणे." रावजींनी कागद आणला. साधनाबाईंनी कागदावर उजवा हात ठेवला. मग उचलला. मग डावा ठेवला. तो जिथल्या तिथे बसला.

साधनाबाईंनी कागद उचलून रावजींपुढे धरला.

"तुम्ही," साधनाबाई सावकाश म्हणाल्या, "डाव्या हाताचं माप घेतलंत."

"तू डावा दिलास!"

"उजवा कामात होता! जो मोकळा होता तो दिला!"

"मग बोलायचंस!"

"मला काय माहीत तुम्ही काय मापताय? मला वाटलं हातमोजे आणताय, थंडीचे!"

आणि साधनाबाई हसायला लागल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीतून उठून पलंगावर बसावं लागलं. कागदाखालची सही आणि तारीख वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून हसल्या. मग डोळे पुसताना उजवं मनगट दुखलं, आणि हसणं तिथेच थांबलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "केरूनानांना उद्या फोन करते."

रावजींनी कुंदनला फोन लावला. कुंदन म्हणाला, "काका, डावा हात तुम्हीच काढून आणलात. मला वाटलं काकू डावखुऱ्या. मी तर खूश झालो." रावजींनी फोन ठेवला. नमुन्याबरहुकूम आलेला माल परत करता येत नाही, हा नियम त्यांनीच एकतीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवला होता.

त्या रात्री जेवताना त्यांनी आमटीला नावं ठेवली नाहीत. साधनाबाईंनी हे लक्षात ठेवलं.

*

सकाळी केरूनानांना फोन करायच्या आधी चिमणाबाई आल्या.

चिमणाबाई कासारीण भद्रकालीकडून बांगड्यांची पेटी घेऊन यायच्या आणि गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून फिरायच्या. दर महिन्याला त्यांचा पहिला मुक्काम 'साधना डीटीपी'त असे, आणि त्याला कारण होतं. लग्न कुणाकडे निघालंय हे नातेवाइकांना पत्रिका पोचल्यावर कळतं. चिमणाबाईंना प्रूफ निघतानाच कळायचं. साधनाबाई त्यांना गल्ली आणि बंगल्याचं नाव सांगायच्या, आणि चुडा भरायला चिमणाबाई दारात हजर. नवरीच्या आईला वाटायचं, या बाईला दैवी ज्ञान आहे. त्या बदल्यात साधनाबाईंच्या बांगड्या चिमणाबाई स्वतः निवडून भरायच्या.

"संक्रांतीनंतरची किती निघाली ताई?" पेटी टेकत चिमणाबाईंनी विचारलं. "धनुर्मासात आमी नुसत्या माश्या मारतो."

"या वेळी माझ्याकडून काही मिळायचं नाही चिमणाबाई. मी दुकान बंद करतेय."

"या बया! का?"

साधनाबाईंनी हात पुढे केला. चिमणाबाईंनी तो धरला. त्या कधी कुणाला बांगडीचा नंबर विचारत नसत. हात मुठीत घेऊन अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबायच्या, की सगळं कळायचं. आत्ताही दाबला आणि तोंडाने च्यक् केलं.

"सव्वादोनची बांगडी घालणारी बाई तू, आज अडीचची पण जायची नाय. कायला कुटतीस एवढी?" मग त्यांनी न सांगताच दुसरा हात ओढून घेतला आणि तो दाबला. "आणि ह्यो बघा! नवरीवानी मऊ. ह्याला काय झालंय? ह्यो काय करतो दिवसभर?"

"काही नाही."

"नुसता बसून खातो?"

"जेवतेसुद्धा उजव्यानंच," साधनाबाई म्हणाल्या.

"मग सरकारी नोकरीतच हे की तो," चिमणाबाई म्हणाल्या.

रावजी कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

चिमणाबाईंची नजर टेबलावर गेली. "आणि हे काय? साबण?"

साधनाबाईंनी सगळी हकीकत सांगितली. चिमणाबाईंनी रावजींच्या सहीचा कागद हातात घेऊन पाहिला, उलटा करून पाहिला, आणि पेटीवर हात आपटून हसल्या.

"भाऊ, तुमी तर नंबरी निघालात!" मग एकदम गंभीर झाल्या. "पर ताई, ते डाव्या हाताचं आणलंय, तर डाव्या हातानं चालव की."

"डाव्यानं मला कंगवासुद्धा धरता येत नाही."

"मला येत होतं काय? माझ्याकडं बघ. समोर बाई बसली, तिचा येक हात भरायचा तर माझा उजवा जोर लावतो, दुसरा भरायचा तर डावा. दिसाला दोनशे हात. येकाच हातानं केलं असतं तर कवाच लुळी पडले असते. सासूनं शिकवलं. कसं शिकवलं म्हाइतीये? पदर फाडला आणि उजवा हात कमरेला बांधला. तीन दिस. म्हनली, आता फुटतील तेवढ्या फुटू दे. हातात भरताना फुटली ती बांगडी कासाराची, गिऱ्हाइकाची नाय. पहिल्या दिशी परातभर फोडल्या. दुसऱ्या दिशी निम्म्या. तिसऱ्या दिशी दोन."

"आणि चौथ्या दिवशी?" रावजींनी पेपरामागून विचारलं.

"चवथ्या दिशी सासूच्याच हातात भरल्या. येक फुटली नाय. तवा म्हनली, आता माझी सून झालीस."

साधनाबाईंनी आपला डावा हात उलटसुलट करून पाहिला. तो त्यांनी पन्नास वर्षांत नीट पाहिलाच नव्हता. मग म्हणाल्या, "अहो, तुमचा मफलर द्या."

*

मफलर रावजींचाच, तपकिरी, सरकारी काळातला. चिमणाबाईंनी त्याची झोळी करून उजवा हात साधनाबाईंच्या छातीशी बांधला आणि अशी गाठ मारली की नवऱ्याला सुटू नये. जाताना रावजींना दम भरला, "भाऊ, तीन दिस तिचा उजवा हात तुमी. भाजी चिरा, वेणी घाला, काय लागंल ते."

पहिला दिवस भयंकर गेला. पडद्यावरचा बाण, रावजींच्या शब्दांत सांगायचं तर, दांडीबहाद्दर कर्मचाऱ्यासारखा वागत होता: बोलवावा इकडे, तर जायचा तिकडे. एका मुलीची अपेक्षा उचलताना ती एका मुलाच्या रकान्यात सांडली, आणि मनमाडच्या एका तगड्या इंजिनियरला निर्व्यसनी, घरची शेती असलेला नवरा हवा असं दिसू लागलं. रावजींचं लाल पेन त्या एका दिवसात संपलं. दिवसभरात दीड पान झालं.

"फुटू दे," साधनाबाई दात आवळून म्हणाल्या. "फुटलेली कासाराची."

रावजींनी भाजी चिरली. गवार होती, त्यांनी प्रत्येक शेंग सारख्या मापाची केली, त्यामुळे जेवायला साडेतीन वाजले. वेणीही घातली. ती टाचणफाईलच्या गाठीसारखी झाली, पण सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी चार पानं झाली. आणि नेमके त्याच दिवशी केरूनाना आले.

केरूनाना मंडळाचे चिटणीस. पांढरी टोपी, बगलेत पिशवी आणि पिशवीत मंडळाचा शिक्का, जो ते झोपतानाही उशाशी ठेवत अशी वदंता होती. कामाची पाहणी करायला आले, आणि दारातच थबकले.

"वहिनी! डाव्या हातानं?"

"हो नाना. उजवा रजेवर आहे."

"अहो पण... मंगलकार्य आहे हे! चारशे मुलामुलींच्या आयुष्याचा प्रश्न! डाव्या हातानं लग्नं जुळवायची? लोक काय म्हणतील?" ते खुर्चीत बसले, उठले. "भाऊसाहेब, राग मानू नका. फाईल द्या. स्टेशनजवळ एक पोरगा आहे, तो करून देईल. उजव्या हातानं."

साधनाबाईंचा चेहरा उतरला. त्या काही बोलणार तेवढ्यात रावजी उठले. त्यांनी चष्मा लावला, शेल्फवरून मंडळाचीच घटना-पुस्तिका काढली, जी गेल्या वर्षी याच घरात टाईप झाली होती आणि जिच्यातल्या एकशे चौदा चुका त्यांनी स्वतः काढल्या होत्या.

"नाना, यात हाताचा उल्लेख कुठे आहे?"

"नसेल. पण रीत—"

"पान अकरा, कलम सात. 'सूचीचे काम मुदतीत व बिनचूक करून घ्यावे.' मुदत चोवीस तारीख, दुपारी बारा. मुदतीआधी काम काढून घ्यायचं तर कार्यकारिणीची बैठक लागते, बैठकीला सात दिवसांची लेखी सूचना लागते. आज तेरा. सूचना आज काढलीत तर बैठक वीसला. तो पोरगा चार दिवसांत पन्नास पानं करील?"

केरूनानांनी बोटांवर हिशेब केला आणि टोपी सारखी केली.

"आणि नाना," साधनाबाई म्हणाल्या, "टायपिंग दोन्ही हातांनी होतं. तुमच्या दोन्ही पोरांच्या पत्रिका मीच केल्या. त्यावरच्या श्रीगणेशापासून आहेरापर्यंत निम्मी अक्षरं डाव्या हातानंच उमटली होती. काय वाईट झालं?"

केरूनानांना दोन्ही सुना उत्तम मिळाल्या होत्या, हे साऱ्या पंचवटीला माहीत होतं. ते चहा घेऊन गेले. जाताना दाराशी रावजींना हळूच म्हणाले, "चोवीसला बारा म्हणजे बारा हं." मग आणखी हळू, "वेणी कुणी घातलीय हो त्यांची?"

दार लावून रावजी वळले तेव्हा साधनाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. एकतीस वर्षांचे नियम पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडले होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "प्रूफ काढते."

*

तिसऱ्या दिवशी सात पानं. चौथ्या दिवशी रावजी स्वयंपाकघरात दुधी किसत होते, आणि किसता किसता थांबले. बाहेरून माऊसचा आवाज येत होता. टक. टकटक. टक. मध्ये खंड नाही, "अरे देवा" नाही, "फुटू दे" नाही. अकरा वर्षं ऐकलेली तीच लय, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. दुधी हातात घेऊन ते दारात उभे राहिले. बाण साधनाबाई नेतील तिथे जात होता, फोटो चौकटीत सरळ बसत होते, आणि बाई चक्क गुणगुणत होत्या.

"काय बघताय?"

"काही नाही. आवाज ऐकतोय."

"प्रूफं पडलीत बारा. तिकडे बघा."

रावजी बघू लागले. बारा पानांत दोन चुका निघाल्या. त्यांतली एकही त्यांना काढावीशी वाटत नव्हती, पण कर्तव्य म्हणून काढल्या.

मफलर आठव्या दिवशी सुटला. सूज उतरली होती. चिमणाबाई मुद्दाम वाट वाकडी करून आल्या, दोन्ही हात दाबून पाहिले आणि उजव्या हातात सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या सरसर चढवल्या. एक फुटली नाही. मग डावा हात दाबला. "ह्यो आता जरा कडक झाला," त्या समाधानाने म्हणाल्या. "कामाला लागला." साधनाबाईंनी त्यांना संक्रांतीनंतरच्या सहा लग्नांचे पत्ते दिले, त्यांतला एक थेट कॉलेज रोडच्या तीन मजली बंगल्याचा.

चोवीस तारखेला अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शहाण्णव पानांची सीडी छापखान्यात पोचली. रावजींनी पोच घेतली, वेळेसकट.

मेळाव्यात सूची हातोहात गेली. केरूनानांनी व्यासपीठावरून जाहीर केलं की यंदाची सूची आजवरची सर्वांत बिनचूक आहे, आणि ती कोणत्या हाताने झाली याबद्दल मौन पाळलं. मनमाडच्या तगड्या इंजिनियरला त्याच दिवशी तीन स्थळं सांगून आली, सगळी मुलींची. रावजी मागच्या रांगेत बसले होते. शेजारच्या गृहस्थांनी सूची चाळत विचारलं, "कुणी केलीय हो ही?" तर रावजी म्हणाले, "आमच्याकडे झाली," आणि पुढचा अर्धा तास ते कारणाशिवाय हसत होते.

मशीन विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. उलट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात साधनाबाईंनीच नवा विषय काढला.

"अहो, मला उजव्या हातासाठीही असलाच एक हवा. चिमणाबाई म्हणतात तेच खरं, दोन्ही हातांनी आळीपाळीनं करायला हवं. नाहीतर आता हा दुखेल."

"तू चल ना दुकानात. हात घेऊनच चल."

"कधी? बंगलेवाल्यांच्या पत्रिकेला सात नमुने दाखवायचेत, दुपारी माणूस येतोय. तुम्हीच आणा. माप घ्या हवं तर."

रावजी घाईने आलेख-कागद घेऊन आले. साधनाबाई पडद्यावर एका गणपतीची सोंड सरळ करत होत्या. डावा हात मेजरसाहेबांच्या माऊसवर होता.

"हात दे," रावजी म्हणाले.

साधनाबाईंनी नजर न काढता मोकळा हात बाजूला पसरला. रावजींनी तो कागदावर ठेवायच्या आधी नीट निरखून पाहिला, बांगड्या मागे सारल्या, स्वतःचा हात शेजारी ठेवून अंगठा ताडून पाहिला, आणि मग पेन्सिल टेकवली. करंगळीच्या बेचक्याशी आल्यावर साधनाबाईंना गुदगुल्या झाल्या आणि गणपतीची सोंड उंदरापर्यंत गेली.

"हलू नकोस," रावजी म्हणाले, आणि त्याच बेचक्यातून पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली. माप आधीच बरोबर आलं होतं.